न मोजलेली भिंत

मुकुंद, त्या शनिवारी आम्ही दहा चाळीसला आत गेलो आणि बारा वाजून पाच मिनिटांनी बाहेर आलो. या वेळा मी तुझ्या कागदावरून घेतल्या आहेत. ती पंच्याऐंशी मिनिटं तू गुहेच्या तोंडाशी एका सपाट दगडावर, उजवा पाय समोर लांब करून बसून होतास. तुझ्या एका खिशात आमचे दोन बिल्ले होते. दुसऱ्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती, हे मला आता कळलं आहे.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर लिहायला मला सांगितलं आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण, ही माहिती तुझ्या लेकीने, केतकीने लिहून दिली आहे. ती वेगळ्या चौकटीत येईल. एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर एकतीस वर्षं मी अशा चौकटी केल्या. नावात, वयात, गावात चूक राहू नये, एवढं पाहायचं असतं. या लेखाचं तसं नाही. हा लेख एका चुकीबद्दलच आहे, आणि ती चूक तुझ्या नकाशात आहे. तो नकाशा याच अंकात छापायचा आहे. म्हणून मला आता गप्प राहता येत नाही.

आपण तिघं जायचो. तू, मी आणि तपन. तपनचं लेथचं वर्कशॉप बेहालात तुझ्या गल्लीच्या तोंडाशी. तू एकदा तिथे तिपाईचा स्क्रू करून घ्यायला गेलास आणि दोन तासांनी त्याला टेकडीवर यायचं निमंत्रण देऊन बाहेर पडलास. महिन्यातून एक शनिवार-रविवार, हावड्याहून सकाळची गाडी, झाडग्रामला ठरलेली जीप, मग बेलपाहाडीच्या पुढच्या टेकड्या. साठी उलटलेल्या दोन मराठी माणसांना आणि गुडघ्यापर्यंत लुंगी खोचून चढणाऱ्या एका लेथवाल्याला हे कोणी सुचवलं नव्हतं. केतकी तिच्या सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात आपल्याला 'बाबांची गँग' म्हणायची.

गुहा तुला सापडली. सालाच्या झाडांमागे, एका मोठ्या शिळेखाली. पावसाळ्यात गावातले लोक तिच्या तोंडाशी बकऱ्या बांधतात. त्यांच्या दृष्टीने ती गुहा नव्हे, आडोसा. तू आत वाकून पाहिलंस आणि टेप काढलास. कोळसा खाणीत जन्मभर सर्व्हे केलेला माणूस, निवृत्तीनंतरही टेप घेऊन फिरायचास. मी विचारलं, "इथे कोळसा आहे का?" तू म्हणालास, "नाही, म्हणून तर मोजायला मजा येईल. कोणी काही काढणार नाही."

खाणीतली एक रीत तू गुहेत आणलीस. खाली उतरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला हाजिरीबाबूकडे देतो आणि वर आल्यावर परत घेतो. बिल्ला उरला तर माणूस खाली राहिला. तपनने लेथवर पितळेचे तीन बिल्ले केले, एक, दोन, तीन. आपल्यातला एक जण कायम बाहेर बसायचा. पाळी लावायची होती, पण तू नियम केलास: ज्याला दुखापत झाली असेल तो हाजिरीबाबू. दुखापत झालेला घरी बसणार नाही, आपल्याबरोबर येईल, चालताना सगळ्यांच्या पुढे राहील, त्याच्या चालीने बाकीचे चालतील, आणि गुहेपाशी आल्यावर तो बाहेर बसेल. डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत.

या नियमाखाली पहिला बसलो मी. सॉल्ट लेकला आमच्या फाटकापाशी पाय मुरगळून घोटा मोडला होता, त्यात धातूची पट्टी बसवली होती. तीन खेपा मी बाहेर बसलो. तू चिखलाने भरून बाहेर यायचास आणि पाणी पिण्याआधी काडीने जमिनीवर काढून दाखवायचास, आज कुठपर्यंत, कुठे वाकावं लागलं, कुठे वटवाघळं. मला आत काय आहे ते आत गेल्यासारखं माहीत झालं होतं.

चौथ्या खेपेला मी म्हणालो, "आता जमेल मला."

तपन म्हणाला, "डॉक्टर बोला है?"

मी उत्तर द्यायच्या आत तू बोललास. "पाय त्याचा आहे, तपन. त्याला विचारलं, तो हो म्हणाला. बस." आणि माझा बिल्ला हातात घेऊन तूच बाहेर बसलास.

मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. तेही तुला कधी सांगितलं नाही.

तुझा गुडघा गेला मागच्या वर्षी पूजेनंतरच्या आठवड्यात. बेहालात ऑटोतून उतरताना. खाणीत तीस वर्षं धड राहिलेला माणूस ऑटोतून उतरताना पडला, हे तू स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलास. गुडघ्यातली गादी फाटली होती. ऑपरेशन नको, व्यायाम, पट्टा, काठी. तू दुसऱ्याच महिन्यात आलास. पुढे तू, मागे आम्ही. त्या चढावर एक बकरी आपल्याला मागे टाकून गेली, परत आली, पुन्हा गेली.

"ही तिसरी फेरी तिची," मी म्हणालो.

"तिला घर आहे," तू म्हणालास. "तुम्हाला काय घाई आहे? निवृत्त माणसं."

त्याच खेपेला तपन वळणापलीकडे गेला. गुहा तीसेक मीटर आत गेल्यावर उजवीकडे वळते आणि तिथे इतकी चिंचोळी होते की पोटावर सरकावं लागतं. पाऊस संपल्यावरही महिना-दोन महिने त्या वळणात पाणी असतं. त्या वर्षी ते लवकर आटलं. तपन दिवा घेऊन सरकत गेला, दहा मिनिटांनी त्याचा आवाज आला, "दादा, खड़ा हो गया मैं! पूरा खड़ा!" पलीकडे माणूस उभा राहील एवढी जागा होती, आणि उत्तरेच्या भिंतीत वर एक फट, तिच्यातून उजेड येत होता.

तू बाहेर बसून हे ऐकलंस. परतीच्या गाडीत तू नकाशाचा कागद मांडीवर पसरलास. वळणापर्यंत पक्क्या शाईत, पुढे कोरा. फट बाहेरून सापडली, तर गुहेच्या तोंडातून आत, आतून फटीपर्यंत, फटीपासून टेकडीवरून परत तोंडापर्यंत अशी पूर्ण फेरी मोजता येईल, असं तू तपनला समजावत होतास. फेरी कागदावर काढली की जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मिळाली तर मोजणी खरी. "म्हणजे चूक लपत नाही," तू म्हणालास. चार वर्षं तुला याच कोऱ्या जागेत शिरायचं होतं. हे मला माहीत होतं, आणि त्यानंतर जे केलं ते मी हे माहीत असून केलं.

जानेवारीची खेप ठरली. त्याच्या आधीच्या मंगळवारी तुझा फोन आला.

"डॉक्टर हो म्हणाले. शनिवारी मी आत येतोय."

"नेमकं काय म्हणाले?"

"नेमकं म्हणजे? चाला म्हणाले, चढा म्हणाले, खडबडीत जमिनीवर चाललं तरी चालेल म्हणाले."

"गुहेत सरपटा म्हणाले?"

"गुहा हा शब्द मी काढला नाही. म्हातारा घाबरला असता."

तू हसलास. मी नाही. फोन ठेवला आणि केतकीला तिच्या ऑफिसात लावला. एका माणसाच्या सांगण्यावरून बातमी लावायची नाही, दुसऱ्याकडून खात्री करायची, ही माझी सवय. केतकी म्हणाली, "मला तर काहीच बोलले नाहीत काका. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं होतं. मांडी घालून बसायचं पण नाही."

मागच्या महिन्यात. डेस्कवर एखाद्या बातमीदाराने मला असं उत्तर आणून दिलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं: ही माहिती कधीची? मी केतकीला ते विचारलं नाही. विचारलं नाही कारण आलेलं उत्तर मला सोयीचं होतं. तुझ्या गुडघ्याची काळजी होती, हे खरं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. तू आत असलास की मोजणार तू, मी दिवा धरणार. तू बाहेर असलास तर मोजणारा मी. हे मी त्या वेळी स्वतःशीही बोललो नव्हतो.

शनिवारी गुहेच्या तोंडाशी मी यादी वाचली. याद्या मीच करायचो. "आत तपन आणि मी. बाहेर मुकुंद."

"संपादक," तू म्हणालास. मी संपादक कधीच नव्हतो, हे तुला ठाऊक होतं. "पहिल्या पानावरून काढलंत मला?"

"नियम तुझाच आहे."

"नियम माझाच. आणि मी फोनवर सांगितलं ते?"

"ते तू सांगितलंस."

तुझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मला वाटलं, चष्मा काढतोयस. तू तो तिथेच थोडा वेळ ठेवलास आणि खाली घेतलास.

तपन कंटाळला होता. "दादा, झगड़ा ट्रेन में करना. वहाँ टाइम बहुत है."

"झगडा नाही रे," तू म्हणालास आणि हात पुढे केलास. "आणा बिल्ले." मग टेप माझ्या हातात दिलास, कसा ताणायचा, कुठे धरायचा, आकडा लगेच लिहायचा, लक्षात ठेवायचा नाही, हे सगळं पुन्हा सांगितलंस. पोराला पहिल्यांदा खाणीत उतरवताना सांगतात तसं.

आत दोन मापं ठीक झाली. तिसरं, वळणापासून उत्तरेच्या भिंतीतल्या फटीखालपर्यंत. तपन आधी तिथे जाऊन आला, काठीला बांधलेला त्याचा लाल गमछा त्याने फटीतून बाहेर काढून ठेवला, म्हणजे फट बाहेरून सापडेल. परत येऊन तो म्हणाला, "दादा, टेप लेके मैं जाता हूँ, आप इधर से पढ़ो."

मी म्हणालो, "नाही, मी जातो." तुला बाहेर बसवलं होतं. निदान माप तरी स्वतः न्यावं असं वाटलं.

तिथली जमीन वटवाघळांच्या घाणीने निसरडी होती आणि चढ होता. अर्ध्या वाटेवर माझा पट्टीचा पाय दोन दगडांमध्ये अडकला. निघाला लगेच. पण त्यानंतर तो पाय मी पुढे टाकू शकलो नाही. दम लागला होता. मी तिथेच थांबलो. दिव्याच्या उजेडात भिंत समोर दिसत होती. वळणाआडून तपन ओरडला, "कतो होलो?" किती झालं?

माझ्या पायापाशी टेपवर अडीच मीटरच्या आसपासचा आकडा होता. पुढचं मी नजरेने धरलं. "चार मीटर दहा," मी ओरडलो आणि लिहून घेतलं. नुसता चार लिहिला असता तर अंदाज वाटला असता. गोल आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मी डेस्कवर नव्या पोरांना सांगत आलो होतो. वरचे दहा सेंटिमीटर त्यासाठी होते.

बाहेर आल्यावर तू बिल्ले परत दिलेस आणि वही मागितलीस.

"तिसरं सोपं नसणार. मोजलंस ना?"

"मोजलं."

"तू मोजलंस म्हणजे झालं," तू म्हणालास आणि आकडा उतरवून घेतलास.

आम्ही मुरमुरे आणि माझ्या घरची थालीपीठं खाल्ली. मग तू काठी घेऊन उठलास, तपनला टेपचं टोक दिलंस आणि गमछा शोधत टेकडीच्या अंगाने वर निघालास. पाऊण तास तू त्या उतारावर होतास. सुटे दगड, काटे, दोनदा बसून सरकलास, एकदा गुडघा पूर्ण मुडपून होकायंत्र पाहिलंस. मी खालून पाहत होतो. डॉक्टर काय म्हणाले असतील याचा पुरावा माझ्यासमोर चढत होता. तू खाली आलास तेव्हा तुझा चेहरा लाल झाला होता आणि तू खूष होतास. त्या वेळी जीप यायला दोन तास होते. गुहा तिथेच होती. "चल, आत जाऊन ये," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पाणी घे."

त्यानंतर तू मला दोनदा विचारलंस.

पहिल्यांदा फोनवर, त्याच आठवड्यात. "उत्तरेची भिंत किती म्हणालास?"

"चार मीटर दहा."

"टेप ताणलेला होता ना?"

"होता."

दुसऱ्यांदा मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात. लोक तिळगूळ वाटत फिरत होते, आपण जिन्याच्या कठड्याशी उभे होतो. तू मोठ्याने बोलत नव्हतास. "त्या मापाचं तसं काही असेल तर सांग. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाऊ. गुहा कुठे पळत नाही."

"मोजलंय म्हटलं ना."

"मग झालं."

मला राग आला होता. हे लिहिताना मला त्याचं सगळ्यात जास्त वाटतं. तुझं एक वाक्य मी मानलं नव्हतं, आणि माझं तू दुसऱ्यांदा विचारलंस म्हणून मी दुखावलो.

फेब्रुवारीत नकाशा पुरा झाला. गुहेचं तोंड, वाट, वळण, आतली जागा, फट, टेकडीचा उतार, सगळं एका रेषेत जोडलेलं. कोपऱ्यात तुझ्या सुबक अक्षरात: मोजणी, आणि पुढे माझं नाव पहिलं, मग तपनचं, मग तुझं. एक प्रत मला दिलीस. मी ती गुंडाळून कपाटावर ठेवली. पुढच्या महिन्यांत आपण आणखी तीनदा टेकड्यांवर गेलो, तुझी काठीही सुटली. गुहेकडे गेलो नाही. तू नाव काढलं नाहीस, मी तर नाहीच.

जूनमध्ये तुझं हृदय थांबलं. गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोन डॉक्टरांना विचारलं.

तेरावा झाल्यावर केतकीने मला आणि तपनला बेहालाला बोलावलं. कल्पनावहिनी गेल्यापासून तुम्ही बापलेक दोघंच. आता ती एकटी त्या घरात तुझी कागदांची नळकांडी लावत बसली होती. स्मरणिकेत नकाशा द्यावा, असं तिच्या मनात होतं. नळकांड्यांच्या शेजारी तुझी पाठपिशवी. तिच्या कप्प्यातून तिने घडी घातलेली चिठ्ठी काढली. तारीख त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारची. चालायला, चढायला, खडबडीत जमिनीवर जायला हरकत नाही. तू फोनवर सांगितलं होतंस, शब्दाला शब्द तेच.

मी केतकीला सांगितलं, मी तिला तेव्हा ऑफिसात फोन का केला होता ते.

"बाबांना माहीत होतं काका," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी त्यांना बोलले, काका असं विचारत होते म्हणून. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, तो विचारणारच, त्याचा धंदा आहे तो."

"आणि चिठ्ठी?"

"मी म्हटलं, दाखवून टाका ना. तर म्हणाले, मागितली तर दाखवीन. खिशात घालून घेऊन गेले होते. आल्यावर मी विचारलं, मागितली का? नाही म्हणाले. आणि जेवायला बसले."

म्हणजे गुहेच्या तोंडाशी मी "दाखव" म्हटलं असतं तरी पुरे होतं. अविश्वास तोंडाने बोलून दाखवायचीही माझी तयारी नव्हती. हट्टाने चिठ्ठी न काढणं, यात तुझाही थोडा दोष आहे, मुकुंद. हे भांडण आपण ट्रेनमध्ये करायला हवं होतं. तपनने जागाही सांगितली होती.

मग केतकीने नकाशाच्या कच्च्या कामाचा कागद पुढे सरकवला. "यातलं मला कळत नाही."

मलाही आधी कळलं नाही. पेन्सिलीने लिहिलेले आकड्यांचे दोन रकाने. डावीकडे मोजलेलं, उजवीकडे सुधारलेलं. वर तू लिहिलं होतंस: 'फेरी मिळत नाही. १.५२ राहतात.' खाली: 'उ. भिंत?' त्याच्या खाली: 'विचारलं. ४.१० म्हणतो.' त्याच्या खाली: 'पुन्हा विचारलं. ४.१०च म्हणतो.' आणि शेवटी: 'ठीक. सगळ्यांत वाटली.'

तू गाडीत तपनला सांगत होतास त्यातलंच हे पुढचं होतं, आणि मी ते अर्धवट ऐकलं होतं. फेरी थोडीशी चुकली आणि कोणाची चूक ते सापडलं नाही, तर सर्व्हेवाले ती चूक सगळ्या मापांत थोडी थोडी वाटून टाकतात. प्रत्येक माप जरासं लांबतं किंवा आखडतं, आणि रेषा जुळते. तुझी वाट, जी तू चार वर्षांत तीन वेळा मोजली होतीस, ती सुधारलेल्या रकान्यात वेगळी होती. वळण सरकलं होतं. टेकडीच्या उतारावरची, गुडघा मुडपून घेतलेली मापंसुद्धा. माझे दहा खोटे सेंटिमीटर आणि त्यांच्याबरोबरचा अंदाज उभा राहावा म्हणून तू तुझ्या हातची खरी मापं एकेक करून हलवली होतीस. 'म्हणतो' हा शब्द मी ओळखतो. ज्याची आपल्याला खात्री नाही, पण जे सांगणाऱ्याच्या नावावर सोडायचं आहे, त्याच्यापुढे मी आयुष्यभर तो लावत आलो.

मी तिथेच दोघांना सांगितलं. पाय अडकला, पुढे गेलो नाही, आकडा बनवला.

तपन खिडकीकडे बघत होता. तो म्हणाला, "टेप आखिर में ढीला था, दादा. मेरे हाथ में था न. मुकुंददा मुझसे भी पूछा था."

"आपने क्या कहा?" मी विचारलं.

"मैं बोला, अंदर अँधेरा था."

"क्यों?"

"आप सामने बैठके थालीपीठ दिए थे मुझे. कैसे बोलता?" मग म्हणाला, "वो समझ गया था. एक ही बात जो आदमी तीन बार पूछता है, वो समझ के पूछता है."

मला वाटतं तपनचं बरोबर आहे. पण मी ते सिद्ध करू शकत नाही. तू ती साधी चूक समजून वाटलीस, की मी खोटं बोललो हे कळून वाटलीस, हे कोणाला विचारायचं? पहिलं असेल तर मी तुला फसवलं. दुसरं असेल तर तू मला सांभाळून घेतलंस, आणि सहा महिने माझ्या बोलण्याची वाट पाहिलीस.

केतकी म्हणाली, "मग खरं माप किती काका?"

"माहीत नाही."

"परत जाऊन मोजता येणार नाही?"

येईल, पण वळणात आता पाणी आहे, ते हिवाळ्याशिवाय आटणार नाही. स्मरणिका गणपतीत निघते. ती म्हणाली, "मग नकाशा नकोच देऊ या. किंवा आहे तसा देऊ. कोण मोजायला जातंय?" तिचा हेतू चांगला होता. तुझ्यावरच्या लेखात असलं काही नको, असंही ती हळूच म्हणाली. मी तिला म्हटलं की तुझ्या नावाखाली जी मापं छापली जातील ती तुझी नाहीत. ती थोडा वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत राहिली. मग उठून तुझ्या टेबलावरची पट्टी आणि कोनमापक घेऊन आली.

दुपारभर आम्ही तिघं बसलो. तपनने कागद धरला, केतकीने डाव्या रकान्यातले आकडे वाचले, मी रेषा ओढल्या. तोंडापासून वळणापर्यंत वाट तू मोजली होतीस तेवढीच झाली. टेकडीचा उतार तू चढलास तेवढाच झाला. आतली पहिली दोन मापं लागली. तिसऱ्या ठिकाणी मी पेन्सिल उचलली. चार मीटर दहा लिहिलं नाही, काहीच लिहिलं नाही. दोन्हीकडून आलेल्या रेषा उत्तरेला एकमेकींपासून लांब थांबल्या.

नकाशा तसाच छापायला दिला आहे. तुझ्या भिंती तू मोजल्यास तिथे परत आल्या आहेत, मुकुंद. उत्तरेला जी मोकळी जागा दिसते तिच्याखाली, बारीक अक्षरात, माझं नाव आहे.